मागच्या केबिनचं माप

साडेनऊ फूट रुंद, अठ्ठावीस फूट लांब. एवढ्या जागेत आमच्या घरची सहा माणसं, एक शेगडी, एक संडास आणि देव बसवायचे होते, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. लग्नाआधी मी गोंदियाच्या आयटीआयमध्ये नकाशे काढायला शिकले आणि आठ महिने एका इंजिनिअरच्या हाताखाली काम केलं, एवढाच माझा गुन्हा. त्यानंतरच्या सोळा वर्षांत माझ्या नकाशावरून घरचा गोठा, मिलची ऑफिसखोली आणि शेजाऱ्यांचा संडास उभा राहिला. बोट काढायला कोणी सांगेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बोटीचं वेड भासऱ्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाचं. आम्ही शेतीवाले, धानाची मिल आहे, आणि गच्चीवर गेलं की धरणाचं पाणी दिसतं. ते पाणी बघत सगळ्यांचा जन्म गेला, पण त्यावर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यांशिवाय काही चालताना कोणी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी भासरे मिलवाल्यांच्या सहलीबरोबर केरळला गेले, तिथे हाउसबोटीत राहिले आणि डोक्यात बोट घेऊनच परत आले. हाउसबोट आपल्या पाण्याला फार मोठी, डोंगा फार लहान; मग मधली, घरच्या सगळ्यांना झोपता येईल अशी केबिनवाली बोट घ्यायची ठरली. परवानगीच्या कागदांमागे ते स्वतः लागले. गावात लोक म्हणाले, धान ठेवाले जागा नाही अन् हे जहाज घेऊन राहिले. भासऱ्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

किनाऱ्याकडच्या एका कारखान्याने मोबाइलवर तीन नकाशे पाठवले. भासऱ्यांनी ते मोठे छापून आणले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. धाकटी सून भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. हल्ली डोक्यावरचा पदर गेला, पण ही सवय काही गेली नाही. त्यामुळे भासरे भिंतीकडे बघून विचारायचे, ‘‘इचार आईले, याच्यात जागा कोठं जास्त आहे?’’ मग माझी बारा वर्षांची मुलगी माझ्याकडे वळून तेच विचारायची, मी तिला उत्तर द्यायचे, आणि ती ते भासऱ्यांना सांगायची. तिघंही एकाच टेबलाशी, हात लांब केला तर एकमेकांना लागेल इतक्या अंतरावर. मुलीला यात फार मजा वाटायची. माझी लांबलचक उत्तरं ती चार शब्दांत आटपायची आणि मी डोळे वटारायचे.

पहिल्या नकाशात सगळं मोकळं होतं. पुढे बोटीच्या टोकात तिकोनी बिछाना, पाय जवळजवळ येतात असा. मधे टेबल आणि दोन बाकं, रात्री टेबल खाली केलं की त्याचाच पलंग होतो. एका बाजूला शेगडी, पायऱ्यांजवळ संडास, आणि मागे छताखाली मोकळी बसायची जागा. दुसऱ्यात स्वयंपाक वर, चालवणाऱ्याच्या शेजारी. खाली नुसती झोपायची सोय. माणसं बोलत बोलत भाकरी खाऊ शकली असती, पण वाऱ्यात शेगडी कोण पेटवणार? तिसऱ्यात मागची बसायची जागा उंच उचललेली, आणि तिच्या पोटात एक बुटकी केबिन. उभं राहता येत नाही, सरपटत जायचं. बोटीत एक गोष्ट घेतली की दुसरी सोडावी लागते, हे मला पहिल्या संध्याकाळीच कळलं. मोकळं हवं तर आडोसा जातो. आडोसा हवा तर वारा जातो.

यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पहिला नकाशा आवडला. मलाही तोच हवा होता, आणि का हवा होता ते मी कोणाला सांगितलं नाही. इथे सांगते.

आमच्या घरात बाईने महिन्याचे चार दिवस बाहेर बसायचं असतं. बाहेर म्हणजे परसातल्या मागच्या खोलीत, जिथे बारदाना आणि जुनी सायकल असते. आमचे देव स्वयंपाकघरातच असतात, म्हणून त्या दिवसांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाय नाही. माझं माहेर सालेकशाचं. वडील रेल्वेत, दोन खोल्यांचं क्वार्टर. तिथे बाहेर बसायला बाहेर नावाची जागाच नव्हती. आई म्हणायची, कोठं बसवू पोरीले, रुळावर? ही चाल आमच्याकडे कोणी भाषण देऊन मोडली नाही, जागा नव्हती म्हणून ती आपोआप सुटली. मग लग्न होऊन मी या ऐसपैस घरात आले आणि पहिल्याच महिन्यात सायकलशेजारी सतरंजी टाकून बसले. रडले, शिव्या दिल्या, मनातल्या मनात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

तेव्हा माझी मुलगी जन्मलीही नव्हती. ती झाली त्या दिवशी मी ठरवलं, ही त्या खोलीत बसणार नाही. आणि हे नकाशे आले त्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, शाळेतून आली ती दप्तर पोटाशी धरून. मी तिला न्हाणीत नेलं, सगळं समजावलं आणि म्हटलं, कोणाला सांगायचं नाही, आजीला तर नाहीच. तिने मान डोलावली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाचा पहिला दिवा घरच्या मुलीने लावायचा असतो, तो तिने लावला. ती त्या दिवशी बाहेरची आहे हे फक्त तिला आणि मला माहीत होतं. दिवा काही विझला नाही. मी इतकी खूश झाले की चकल्या जळाल्या.

म्हणून मला पहिला नकाशा हवा होता. मोकळ्या बोटीत कोणाला वेगळं बसवणार? पाण्यावर सालेकशाचं क्वार्टर होईल, चार वेळा सगळे गेलो की सासूबाईंच्या नजरेला सवय होईल, आणि मग घरातही कधीतरी विषय निघेल. बोट हे माझं एकुलतं एक दार होतं. बाकी सगळ्या वाटा मी सोळा वर्षांत चाचपून पाहिल्या होत्या.

सासूबाईंनी चष्मा लावून तिन्ही नकाशे पाहिले. त्यांना वाचता येत नाही फारसं, पण घर कसं वापरतात ते त्यांना कारखान्यापेक्षा जास्त कळतं. पहिलं बोट त्यांनी शेगडीवर ठेवलं. ‘‘चूल आहे तं देव राहातील. पहिला घास त्याईले. मंग हा संडास चुलीच्या भितीले काऊन लावला?’’ मी फोनवर कारखान्यातल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, पाण्याच्या नळ्या एका बाजूला बऱ्या पडतात, पण चालेल, शेगडी डावीकडे घेऊ, संडास उजवीकडे, उलट तोल बरा राहील. मधली वाट तेवढी बावीस इंचांवर आली. मला वाटलं, सुटलो.

मग त्यांनी दुसरं बोट ठेवलं त्या बावीस इंचांवर. ‘‘अन् चार दिवसांची बाई कोठून जाईल?’’

भासरे मिलच्या आवाजाकडे कान देऊन बसले. यांनी पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता. मोठ्या जाऊबाईंनी पदराआडून हळूच म्हटलं, ‘‘मी तं सुटली बाई औंदा.’’ म्हणजे घरात चार दिवसांची बाई एकच उरली होती, आणि अठ्ठावीस फुटांची बोट तिच्यासाठी बदलायची की नाही यावर सहा माणसं बसली होती, त्यात ती स्वतः नकाशा काढणारी. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

हे म्हणाले, ‘‘त्या दिवसात ती घरी राहील, त्यात काय!’’ सोळा वर्षांत नात्यातली दोन लग्नं, एक बारसं आणि प्रतापगडची महाशिवरात्रीची जत्रा माझी अशीच घरी राहून झाली होती. मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, ‘‘काऊन घरी राहील? तिनंच नकाशा काढावं अन् तिलेच मागं ठेवावं? असं नाही चालत. तिच्यासाठी जागा काढा.’’ त्या हे मनापासून बोलत होत्या. तेच तर वाईट होतं. भांडणाऱ्या बाईशी भांडता येतं, आपली बाजू घेणाऱ्या बाईशी कसं भांडणार?

आणि त्यांचं बोट पडलं तिसऱ्या नकाशावर, मागच्या बुटक्या केबिनवर. भासऱ्यांचे डोळे चमकले. इंजिन बाहेरच्या बाजूला टांगायचं, म्हणजे मागे जागा मोकळी होते. केबिनचं दार आतून नको, मागून करू, म्हणजे स्वयंपाकाशी संबंधच नाही. पंखा देऊ. दिवा देऊ. ‘‘सांग आईले, फर्स्ट क्लास होईल,’’ ते मुलीला म्हणाले. मुलगी माझ्याकडे वळली. तिने निरोप सांगितला नाही, नुसती बघत राहिली.

मग मी सगळी अक्कल पणाला लावली. मागे वजन जास्त होईल. उंची साडेतीन फूट, माणूस गुदमरेल. इंजिनाचा आवाज उशाशी. लाट आली तर दारातून पाणी आत. मुलगी एकेक सांगत गेली आणि भासरे एकेक सोडवत गेले, फोनवर कारखान्याला विचारून, अगदी आनंदाने. ते जितके चांगले वागत होते तितकी मी आत जात होते. खरं कारण सांगावं तर मुलीचं उघडं पडणार. न सांगावं तर केबिन होणार. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी सासूबाई वैतागल्या. ‘‘तुह्यासाठीच करून राहिले ना बाई, तं तुलेच कायले नोको?’’

कागदावर कळत नाही म्हणून भासऱ्यांनी ठरवलं की घराची करतात तशी बोटीची आखणी करायची. दिवाळीनंतरच्या मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस होते, मिलचं सिमेंटचं पटांगण त्या दुपारी रिकामं होतं. मी दोरी ताणली, चुन्याची फक्की घेतली आणि अठ्ठावीस फुटांची बोट जमिनीवर काढली. टोक, तिकोनी बिछाना, डावीकडे शेगडी, उजवीकडे संडास, बावीस इंचांची वाट, वरची बसायची जागा, आणि मागे तिच्याखालची केबिन वेगळ्या रेघेने. खरं सांगू? हात चालायला लागला तसं मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी मोठं काहीतरी काढत होते. काय काढतेय ते घडीभर विसरले.

मग सगळे बोटीत चढले. मिलचे हमाल कट्ट्यावर बसून बघत होते. भासरे चालवणाऱ्याच्या जागी खुर्ची टाकून बसले. जाऊबाई पुढच्या तिकोनात पाय पसरून म्हणाल्या, हे तं मलेच पाहिजे. सासूबाईंनी शेगडीच्या चौकोनात एक नारळ आणून ठेवला, देवांच्या जागी, आणि मुलीला तिथे उभं केलं, ओट्याशी हात पुरतो का ते बघायला. यांनी साडेतीन फुटांवर आडवा बांबू धरला, आणि मला सांगण्यात आलं की मागच्या केबिनमध्ये जा.

मी बांबूखालून वाकून गेले आणि चुन्याच्या रेघांमध्ये आडवी झाले. भर दुपारी, हमालांसमोर, तळहात सिमेंटवर टेकून. वर आभाळ उघडं होतं, चारी बाजूंनी वाट मोकळी होती, नुसती पावडर होती ती, फुंकर मारली तर उडाली असती. पण माझ्याने उठवेना. कोणी ‘‘ये बाहेर’’ म्हणेपर्यंत मी तशीच पडून राहिले, आणि कोणाला ते सुचलं नाही, कारण सगळे सासूबाईंकडे बघत होते.

त्या माझ्या पायाशी येऊन उभ्या राहिल्या. ‘‘दोघीजणी मावतील का हिच्यात? पोरगी आज ना उद्या मोठी होईल. मंग तीबी तुह्यासंगच.’’

‘‘नाही मावत,’’ मी म्हटलं. पडल्यापडल्याच. ‘‘एकीचीच जागा आहे. मी मापलंय.’’

‘‘मापलं असशील. झोपून पाहू दे ना तिले. ये वं बाई, आईच्या बाजूले नीज.’’

मुलगी नारळाशेजारी उभी होती. तिचे ते दिवस त्या सकाळीच सुरू झाले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मानेने नाही म्हटलं, आणि ती आजीला म्हणाली, ‘‘मी मोठी झाली आजी. दसऱ्याच्या आधीच झाली. आज बी आहे. आईनं सांगू नोको म्हणलं.’’ एरवी माझं बोलणं ती आखडून सांगायची, त्या दिवशी तिने एक शब्दही गाळला नाही.

सासूबाई ओरडल्या नाहीत. त्या खाली बसल्या, तिथेच, वाटेच्या बावीस इंचांत. म्हणाल्या, ‘‘पोरीची ओटी नाही भरली. नवं लुगडं नाही, गोडाचं नाही. माही नात मोठी झाली अन् मलेच ठाऊक नाही. तिचा मान खाल्ला तू.’’ मला वाटलं होतं त्या विटाळाचं बोलतील, दिवाळीच्या दिव्याचं बोलतील. ते त्या नंतर बोलल्या, घरी गेल्यावर, देव उतरवून धुताना. पण पहिलं वाक्य हे होतं, आणि ते मला लागलं. त्यांचंही काही चोरलं होतं मी, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

भासऱ्यांनी खुर्चीतून मिलच्या पत्र्याकडे बघत यांना सांगितलं, ‘‘मागची केबिन आठ इंच वाढवा म्हणा.’’ यांनी बांबू खाली ठेवला. मी उठले, गुडघे झाडले, आणि फक्कीचं टोपलं घेतलं. पायाने जुनी रेघ पुसली आणि आठ इंचांवर नवी टाकली. मुलगी तोवर शेगडीच्या चौकोनातून बाहेर येऊन, संपूर्ण बोटीला वळसा घालून, मागून आत येऊन बसली होती. कोणी सांगितलं नव्हतं तिला वळसा घालायला.

त्या संध्याकाळी ती परसातल्या मागच्या खोलीत बसली, आणि मीही तिच्यापाशी जाऊन बसले. मी तिला म्हटलं, ‘‘काऊन सांगितलंस गं? मी तुझ्यासाठीच करत होते ना सगळं.’’ बोलताना माझ्या लक्षात आलं की हेच वाक्य सासूबाई मला म्हणाल्या होत्या. ती म्हणाली, ‘‘मले भेव वाटे आई. दिवा लावताना तं जास्तच. रोज वाटे, आता आजीले समजल.’’ मग सतरंजीवर पाय पसरून, ‘‘इथं बसलं तं बरं, काही लपवा नाही लागत.’’ मी तिला दोन महिने मोकळं ठेवलं होतं असं मला वाटत होतं. ती दोन महिने माझ्या गुपितात अडकली होती, न्हाणीत कडी लावून, कानोसा घेत. मला स्वतःचा इतका राग आला की जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी पहिल्या नकाशाचं नाव काढलं नाही. हरले तर हरले, पण करायची तर नीट करू, असं म्हणून मागच्या केबिनच्या मागे लागले. वरच्या आसनाची पायरी चढवून आणखी सात इंच उंची काढली. भासऱ्यांना आता बोट चालवताना गुडघे पोटाशी घ्यावे लागतात, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. गाद्या दोन वेगळ्या केल्या. पुस्तकाला फळी, मोबाइलला चार्जिंग, छोटा आरसा. कारखान्यातला माणूस म्हणाला, मॅडम, एवढं तर कोणी मोठ्या केबिनलाही मागत नाही. बाजूच्या भिंतीत लांबट खिडकी मागितली, पाण्याच्या अगदी जवळ. त्याने सांगितलं, इतक्या खाली उघडणारी खिडकी देता येत नाही, पक्की काच बसेल. मी म्हटलं, बसवा. वर झाकण उघडतं, वारा तिथून येईल. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने दोन गोधड्या शिवल्या त्या गाद्यांच्या मापाच्या. मुलीची ओटीही भरली, उशिरा, पण गल्लीत पेढे वाटून.

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर बोट आली. ट्रकवरून उतरवताना अर्धं गाव धरणाच्या काठाला. नारळ फुटला, सासूबाईंनी शेगडीशेजारी देव बसवले, पहिला घास ठेवला. निघायच्या दिवशी सकाळी मुलीचे दिवस सुरू झाले. माझे नव्हते. तिला आता काही सांगावं लागत नाही. आजीला तिने स्वतःच सांगितलं आणि काठावरून, मागच्या फळीवरून, एकटीच केबिनमध्ये उतरली. मी पुढून चढले. चहा केला, सगळ्यांना दिला. पाणी शांत होतं, जाऊबाई गाणं म्हणत होत्या, हे फोटो काढत होते. सगळे खूप खूश होते.

मी तिचा कप घेऊन मागे गेले आणि झाकणातून वाकून पाहिलं. ती पालथी पडून काचेला नाक लावून बाहेर बघत होती, पाणी तिच्या डोळ्यांच्या पातळीला. कप घेताना हसली. मी म्हटलं, ‘‘ये ना वर, बस माझ्यापाशी. मी बोलते आजीशी. आत्ता बोलते.’’ आणि मी खरंच बोलले असते. सोळा वर्षांत पहिल्यांदा माझी तयारी झाली होती, पाण्याच्या मधोमध, जिथून कोणी उठून जाऊ शकलं नसतं.

‘‘कायले?’’ ती म्हणाली. ‘‘इथंच मस्त आहे. तूच तं बनवली.’’ आणि पुन्हा काचेकडे वळली.

मी ती केबिन इतकी चांगली काढायला नको होती.